उतरणीचं गवत

बदलापूरच्या शिरगावातल्या आमच्या घराला बाल्कनी आहे आणि बाल्कनीसमोर दोन नव्या इमारतींच्या मधे एक फट शिल्लक आहे. त्या फटीतून रुळांपलीकडचा चंदेरीचा सुळका दिसतो. घर दाखवताना एजंट म्हणाला होता, "मॅडम, माउंटन व्ह्यू आहे." बाकी बऱ्याच गोष्टी त्याने फुगवून सांगितल्या, पण ही खरी निघाली.

दिवाळी उलटली की मी सकाळचा चहा घेऊन तिथे उभी राहते. डोंगराचा हिरवा रंग आधी पोपटी होतो, मग पिवळा, मग गहू भाजावेत तसा तांबूस. पावसाळ्यात त्याचे फोटो काढायला सगळं बदलापूर गच्चीवर असतं. गवत वाळायला लागलं की त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मी बघते. त्यात मला फार आनंद होतो असं नाही. दारावरून जाणारा ओळखीचा माणूस दिसला की नजर जातेच, तितकंच.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही अंबरनाथला राहायचो. मी दहावीत होते. त्या गावात तेव्हा घड्याळापेक्षा भोंग्याला मान होता. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी, यांच्यावर घरांचा स्वयंपाक ठरायचा, लग्नाचे मुहूर्त ठरायचे आणि डोंगरावर जाणंसुद्धा ठरायचं. हो, डोंगरावर. कारखान्यात काम करणाऱ्या तरुणांना तेव्हा डोंगराचं भारी वेड होतं. रात्रपाळी करून आलेला माणूस अंघोळ करून, डबा घेऊन तसाच लोकलने वांगणी स्टेशनला उतरायचा, चंदेरी चढायचा आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पाळीला पुन्हा मशीनवर उभा राहायचा. घरचे लोक डोक्याला हात लावायचे. थंडीच्या दिवसांत हे जास्त चाले, कारण ओढे आटलेले असत, वाट मोकळी असे आणि हवा कोरडी. त्या कोरड्या हवेत पहाटे कारखान्यांचा वास खाली दाटून राही. डोंगरावर गेलेले लोक येऊन सांगत की वर कसलाच वास नसतो. आम्हा मुलांना हे खरं वाटायचं नाही.

आम्हाला भूगोल शिकवायला गायकवाड सर होते. बारीक अंगाचे, पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हिमनदीचा धडा आला की ते कुणाच्या तरी घरून वर्गात बटाटा आणि चमचा मागवायचे. आमच्यापैकी कुणीच बर्फाचा डोंगर पाहिलेला नव्हता. बर्फ म्हणजे लग्नात सरबतासाठी आणतात ती भुसा लागलेली लादी. सर बटाटा टेबलावर उभा ठेवत आणि चमच्याने त्याच्या एका बाजूने गर कोरून काढत. "हे झालं हिमगव्हर. बर्फ डोंगर असा कोरतो." मग दुसऱ्या बाजूने, तिसऱ्या, चौथ्या. मधे एक टोकदार सुळका उरायचा, चारी बाजूंनी खोलगट. "हे गिरिशृंग. आल्प्समधलं मॅटरहॉर्न असं तयार झालं." मग बटाटा ज्याच्या घरून आणलेला असे त्याला परत मिळे. त्याची भाजी होत असे की नाही, कुणास ठाऊक.

फळ्यावर ते दोन डोंगर शेजारी शेजारी काढत. डावीकडे मॅटरहॉर्न, उजवीकडे चंदेरी. मॅटरहॉर्न स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर. जमिनीला घड्या पडून वर आलेला आणि मग बर्फाने कोरलेला. चंदेरी लाव्हाच्या थरांचा, एकावर एक रचलेला आणि पावसाने झिजवलेला. "एकाला बर्फाने घडवलं, एकाला पावसाने. पण दोघांचं टोक सारखंच अवघड," असं म्हणून ते हात झटकत आणि खडूची धूळ पहिल्या बाकावर उडे. मी पहिल्या बाकावर असे.

आणि मग ते गोष्ट सांगत. ही गोष्ट ऐकण्यासाठी दुसऱ्या तुकडीतली मुलंही खिडकीशी येऊन उभी राहायची. सव्वाशे वर्षांपूर्वी मॅटरहॉर्न कुणीच चढलेलं नव्हतं. आजूबाजूची शिखरं एकेक करून सर झाली होती, हेच उरलं होतं. खालच्या गावातले लोक म्हणत, वर भुतं राहतात. चढणारे पुन्हा पुन्हा इटलीच्या बाजूने जात, कारण ती बाजू सोपी वाटे, आणि पुन्हा पुन्हा मागे फिरत. स्वित्झर्लंडच्या बाजूची धार गावातून इतकी उभी दिसे की तिच्या वाटेला कुणी जाईना. "समोरून बघितलं की कुठलाही जिना भिंतच दिसतो," सर म्हणत. "बाजूला जाऊन बघायचं कुणाला सुचलं नाही." मग एकाला सुचलं. सातजण त्या धारेवरून निघाले. एकमेकांना दोराने बांधलेले. इटलीच्या बाजूनेही त्याच सुमारास दुसरे लोक चढत होते. कोण आधी पोचणार? सातजण माथ्यावर आले, बर्फावर पावलांच्या खुणा शोधल्या, एकही नव्हती. दुसरे लोक अजून खूप खाली, मुंग्यांएवढे दिसत होते. इथे सर थांबत आणि पुस्तक मिटत.

एकदा मी विचारलं, "सर, मग ते उतरले कसे?"

"तो भाग परीक्षेला नाही," सर म्हणाले.

वर्ग हसला. माझ्या शेजारी बसणारी उज्ज्वला हसली नाही. ती त्यांची पुतणी होती.

आता उज्ज्वलाच्या घराबद्दल सांगायला हवं. चाळीतल्या दोन लगतच्या खोल्या. एकीत सर एकटे राहत, दुसरीत उज्ज्वला आणि तिची आई. उज्ज्वलाचे वडील दिनकर गायकवाड, सरांचे थोरले भाऊ, कारखान्यात फिटर होते. उज्ज्वला बालवाडीत असताना ते चंदेरीवर गेले आणि तिथेच गेले. ही गोष्ट अख्ख्या अंबरनाथला माहीत होती, त्यामुळे कुणी कुणाला सांगत नसे. मला ती तुकड्यातुकड्यांनी कळली. दोघे भाऊ आणि त्यांचे मित्र सुळक्यावर जाऊन आले होते. कातळाचा अवघड भाग दोराला धरून नीट उतरून झाला होता. खाली उरली होती ती गवताची उतरण. मळलेली वाट, शेळ्यासुद्धा जातात अशी. दिनकरभाऊंची दुसरी पाळी होती. "तू हो पुढे," सर म्हणाले, "मी दोर गुंडाळून येतो." त्यांच्या गिर्यारोहण मंडळाकडे तो एकच दोर होता आणि सर तो अतिशय निगुतीने गुंडाळत. गुंडाळून मान वर केली तेव्हा वाटेवर भाऊ नव्हता.

वाळलेलं गवत पावलाखाली आडवं होतं आणि त्याच्यावरून बूट सटकतो. त्याखाली मुरमाचा घसारा, आणि त्याखाली कडा. बर्फाच्या डोंगरावर माणूस बर्फाला घाबरतो, म्हणून जपतो. गवताला कोण घाबरणार?

उज्ज्वलाच्या आईने, आम्ही त्यांना कमलकाकू म्हणायचो, तेव्हा दिराला एकच प्रश्न विचारला होता. "दोर गुंडाळायची एवढी काय घाई होती?" त्यानंतर त्या सरांशी बोलल्या नाहीत. भांडण नाही, वाटणी नाही. भिंतीला भिंत लागून राहणं तसंच चालू, सरांचं जेवणही त्याच घरी. पण बोलणं उज्ज्वलामार्फत. सर समोर पाटावर बसलेले असताना काकू म्हणत, "उजू, काकांना विचार, भाकरी वाढू का?" आणि सर म्हणत, "आईला सांग, अर्धी." उज्ज्वला मधे बसून जेवत असे. तिला काही सांगावं लागत नसे, दोघांनाही ऐकू येतच असे. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. घरी येऊन आईला सांगितलं तर आई म्हणाली, "हसू नको गं. रोज वाढते ना ती त्याला?"

सरांनीही त्यानंतर चंदेरीचा सुळका सोडला. मंडळाच्या पोरांना ते त्या उतरणीखालच्या गुहेपर्यंत नेत आणि तिथूनच परत फिरवत.

त्या वर्षी दिवाळीनंतर उज्ज्वलाने जाहीर केलं की तिला वर जायचं आहे. गुहेपर्यंत नव्हे, सुळक्यावर. आणि येताना ती जागा बघायची आहे.

सर नाही म्हणाले. कधी नव्हे ते ओरडून म्हणाले. उज्ज्वला शांतपणे म्हणाली, "मग मी मंडळातल्या पोरांबरोबर जाते. तुमच्याशिवाय दर रविवारी सुळक्यावर जातात ती. दोन वाजता दुसरी पाळी असते त्यांची, दहाला उतरायला लागतात. धावत उतरतात." मी दारात उभी होते. सरांचा चेहरा पाहून मला वाटलं, इथून निघून जावं.

तेव्हाच सगळं ठरलं. नेलं नाही तर ती घाईच्या लोकांबरोबर जाणार. नेलं तर त्याच गवतावरून भावाची एकुलती एक मुलगी उतरवून आणायची. आता हे सरांचं काम होतं आणि ते दुसऱ्या कुणावर ढकलता येण्यासारखं नव्हतं.

काकूंचा निरोप त्या रात्रीच्या जेवणात आला. "उजू, काकांना सांग, न्यायचं तर नेऊ देत. पण वर पोचलो हे मला येऊन सांगू नका. त्याचं मला काही नाही."

"आईला सांग, बरं," सर म्हणाले.

मंडळाचा दोर जुना झाला होता. सर आम्हा दोघींना घेऊन उल्हासनगरला गेले. मला तो बाजार फार आवडायचा. थंडीत तिथे स्वेटरांचे ढीग लागत आणि प्रत्येक स्वेटर कुठल्यातरी परदेशातून आलेला असे. दोरांच्या दुकानात सिंधी शेठ गादीवर बसले होते. त्यांनी निळ्या नायलॉनचं वेटोळं पुढे टाकलं.

"साईं, ये बाहर का माल है. एकदम फॉरेन. इससे हाथी बांधो, हाथी."

"हाथी डोंगर पे नहीं चढ़ता," सर म्हणाले. "ये गिरते आदमी को रोकेगा क्या?"

शेठ हसायचे थांबले. त्यांनी उज्ज्वलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बच्चियाँ चढ़ेंगी?"

"हाँ."

शेठनी निळं वेटोळं बाजूला सारलं. "ये ट्रक का है, मास्टरजी. माल बांधने का. आदमी के लिए मत लो." मग आत जाऊन त्यांनी कुठल्याशा बोटीवरून आलेला पांढरा जाड दोर आणला. त्याला त्यांनी फॉरेन म्हटलं नाही, म्हणून सरांचा त्याच्यावर विश्वास बसला.

तरी सरांनी त्याची परीक्षा घेतलीच. चाळीसमोर चिंच होती. एका पोत्यात दगड भरले, दोराला बांधलं, दोर जाड फांदीवरून टाकला, आणि पोतं वर ओढून एकदम सोडलं. अख्खी चाळ कठड्याला टेकून बघत होती. दोर टिकला. दुसऱ्यांदाही टिकला. तिसऱ्यांदा फांदी कडाडून मोडली आणि पोतं खाली वाळत घातलेल्या वालाच्या बियांवर जाऊन आदळलं. बिया काकूंच्या होत्या. पोरांनी एकच गिल्ला केला. काकू दारातच उभ्या होत्या, पहिल्यापासून. त्या म्हणाल्या, "उजू, काकांना सांग, दोर चांगला आहे. फांदी नव्हती चांगली."

"आईला सांग, वर फांदी नाही. वर मीच."

काकू आत गेल्या. बिया आम्ही मुलींनी वेचल्या.

त्याच दिवसांत वाचनालयात मला मॅटरहॉर्नबद्दलचं एक जुनं पुस्तक सापडलं. परीक्षेला नसलेला भाग त्यात होता. सातजण उतरायला लागले. त्यातल्या सगळ्यात नवख्याचा पाय घसरला. तो पुढच्यावर आदळला आणि मागच्या दोघांना त्याने ओढलं. दोर ताणला गेला आणि मधेच तुटला. चारजण गेले. त्यांच्याकडे तीन दोर होते आणि मधे बांधलेला नेमका सगळ्यात कच्चा होता. तो तुटका तुकडा खालच्या गावातल्या संग्रहालयात अजून ठेवला आहे म्हणे. मी ते पान वाचलं आणि मला सरांचं पुस्तक मिटणं आठवलं. मला फार वाईट वाटलं. पण सरांना जाऊन काही म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती. मी उज्ज्वलाला सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिघं उतरले ना पण? ते कसे उतरले ते लिहिलंय?"

थोडंसंच लिहिलं होतं. तिघे बराच वेळ जागचे हललेच नाहीत. मग दगडांना दोर बांधत बांधत, रडत, एकेक पाऊल टाकत खाली आले. वाचलेल्यांत एक बाप आणि त्याचा लेक होता. इतकंच.

"मला तेच बघायचंय," उज्ज्वला म्हणाली. तेव्हा मला तिचं बोलणं नीट कळलं नव्हतं.

आम्ही मार्गशीर्षातल्या एका रविवारी निघालो. सर, उज्ज्वला, मी आणि वर्गातले दोन मुलगे, ज्यांनी वाटेत फक्त खाण्याचंच काम केलं. वांगणीहून शेतांतून वाट होती. भात कापून झालं होतं आणि त्याच ओलीवर वाल पेरलेला होता, घोट्याइतका वर आलेला. पायथ्याची वाडी ओलांडली की दगडांनी भरलेला कोरडा ओढा लागतो. तोच वर खिंडीकडे नेतो. डावीउजवीकडे चंदेरी आणि त्याच्या शेजारचा म्हैसमाळ डोंगर. खालून पाहताना चंदेरीची बाजू एकसलग भिंत वाटते. जवळ गेलं की तिच्यात पायऱ्या दिसू लागतात, लाव्हाचा एकेक थर म्हणजे एकेक पायरी. सरांनी फळ्यावर काढलेलं सगळं तिथे होतं. फक्त सर शिकवत नव्हते.

गुहेत आम्ही डबे खाल्ले. तिथून वर सर बऱ्याच वर्षांनी जात होते. निघण्याआधी त्यांनी पांढरा दोर काढला आणि आम्हा सगळ्यांना कमरेला बांधलं. स्वतःला सगळ्यात शेवटी बांधून ते पुढे झाले. प्रत्येकाची गाठ तीनतीनदा ओढून पाहिली. चढताना मला भीती कमी आणि कंटाळा जास्त आला, कारण सर एकेका पावलाला थांबवत. "हात धर. पाय ठेव. थांब. आता वजन टाक." कातळ गार होता. पकड चांगली मिळत होती. माथा कधी आला ते कळलंसुद्धा नाही.

वर वारा होता आणि खरंच कसलाच वास नव्हता. ईशान्येला बदलापूर, तेव्हा फक्त झाडं आणि चार कौलारू छपरं. त्यापलीकडे अंबरनाथच्या चिमण्या. मुलगे ओरडले, मीही ओरडले. उज्ज्वला आपली चाळ शोधत होती. सरांनी एकदाही आजूबाजूला पाहिलं नाही. ते खाली, आमच्या पायांशी, दोराकडे बघत होते. "झालं? चला. सांभाळून," ते म्हणाले.

उतरताना क्रम उलटला. उज्ज्वला पुढे, मग आम्ही, सर सगळ्यात मागे. मागचा घसरला तर त्याला कुणी धरणारं नसतं, म्हणून मागे सगळ्यात अनुभवी माणूस. कातळ उतरून आम्ही गवतावर आलो. ऊन तिरपं झालं होतं. गवत गुडघ्याइतकं, सोनेरी, इतकं सुंदर की मी वाटेतच उभी राहिले. मुलांपैकी एकाने कमरेची गाठ सोडायला हात घातला.

"हात काढ!" सर ओरडले. तो मुलगा दचकून खालीच बसला.

मग थोडं खाली गेल्यावर सर म्हणाले, "उजू. इथे."

उज्ज्वलाने आजूबाजूला पाहिलं. मीही. तिथे काहीही नव्हतं. चांगली हातभर रुंद वाट होती, गवत होतं, एक करवंदीची जाळी होती.

"इथे?"

"इथेच."

तिला कडा अपेक्षित असावा. मलाही होता. इतक्या साध्या जागी माणूस मरतो, हे मला पटत नव्हतं आणि त्याचा मला राग येत होता. अजूनही येतो. उज्ज्वला हात जोडून उभी राहिली आणि तिने बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हटलं, हळू आवाजात. सरांनी तिच्यामागून म्हटलं. त्यांनी हात जोडले नाहीत, कारण दोन्ही हातांत दोर होता.

आम्ही बसून, घसटत, शेवटी ओढ्यात पोचलो. मग वाडीशी. तिथे सरांनी माझी आणि मुलांची गाठ सोडली. उज्ज्वलाची सोडली नाही. आम्हाला वाटलं विसरले. पण ते तसेच तिच्यामागून चालत राहिले, दोघांमधे चार हात दोर. वालाच्या सपाट शेतातून, बांधावरून. शेतात काम करणारी एक म्हातारी सरळ उभी राहिली आणि हसायला लागली. "कं रं मास्तर, पोरीला दावं कं लावलास?" वाडीतली पोरं मागे लागली. मुलगे लाजून पुढे निघून गेले. सरांचे कान लाल झाले होते, पण त्यांनी दोर सोडला नाही. उज्ज्वला सरळ पुढे बघत चालत होती. वांगणीच्या डांबरी रस्त्यावर दोघांची पावलं पडली तेव्हा सरांनी गाठ सोडली. दोर त्यांनी गुंडाळला नाही, तसाच पिशवीत कोंबला.

आज मी विचार करते तेव्हा वाटतं, मॅटरहॉर्नचं काय किंवा चंदेरीचं काय, डोंगराचा इतिहास लिहिणारे लोक चढणाऱ्यांची नावं लिहितात. पहिला कोण, कुठल्या बाजूने, कुठल्या वर्षी. नंतर मीही अशी पुस्तकं बरीच वाचली. माथ्यावर पोचणं हे त्यातलं शेवटचं प्रकरण असतं, आणि उतरण एखाद्या परिच्छेदात येते, तीही काही विपरीत घडलं असेल तर. नीट उतरून आलेल्यांची कुणी नोंद ठेवत नाही. ठेवायची म्हटली तर लिहायचं तरी काय? लोक घरी आले, त्यांनी हातपाय धुतले.

आम्ही चाळीत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. काकू नळावर होत्या. त्यांनी उज्ज्वलाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिच्या फ्रॉकला कुसळं चिकटली होती, ती काढायला लागल्या. एकेक करून, बराच वेळ. वर पोचलात का, हे त्यांनी विचारलं नाही.

"उतरताना मागे कोण होतं?"

"काका."

"आणि दोर?"

"डांबरी रस्त्यापर्यंत सोडला नाही," उज्ज्वला म्हणाली. "शेतातसुद्धा. लोक हसत होते, आई."

काकूंचा हात थांबला. नळ चालूच होता, बादली भरून वाहत होती, मी जाऊन तो बंद केला. सर आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर बुटांच्या नाड्या सोडत बसले होते. काकू तिथवर गेल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. उज्ज्वला नेहमीच्या सवयीने मधे जायला निघाली, तशी त्यांनी तिला हातानेच थांबवलं.

"भावोजी," त्या म्हणाल्या.

सरांनी मान वर केली. एवढ्या वर्षांत हा शब्द त्यांच्या कानांवर पडला नव्हता. त्यांना आधी उठावं की बसून राहावं तेच कळेना.

"त्या जागी काय आहे?"

"काही नाही, वहिनी. गवत आहे."

"नुसतं गवत?"

"वाट आहे आणि गवत आहे."

काकूंनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने काढला. आवाज साफ होता त्यांचा.

"मला न्याल? वर नको. तिथपर्यंतच."

सर उभे राहिले, एका पायात बूट तसाच.

"नेईन, वहिनी," ते म्हणाले. "आणि परत आणीन."